धूर आणि मनुका

दारूविषयी लिहायचे म्हटले की गाण्याच्या घरातला माणूस जरा दबकतो. मद्याने कलावंताला काय दिले याच्या रसभरित कथा लोक सांगतात. काय नेले, ते आम्हांला घरात बसून दिसलेले असते. माझे वडील संस्थानच्या पदरी गात. त्यांना साथ करणाऱ्या एका सारंगियांचे हात पुढे इतके कापू लागले, की गज तारेवर ठरेना. तेव्हापासून आमच्या घरी पेल्याला बंदी. ती मी चाळिशी उलटेपर्यंत पाळली, आणि मोडली ती स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आयला नावाच्या बेटावर.

ग्लासगोला राहणारा माझा एक शिष्य मला तेथे घेऊन गेला. बोटीने पोर्ट एलनला उतरलो आणि बोमोर गावी पोहोचलो. गाव लहानसे, खाडीच्या काठाचे. वरच्या अंगाला १७६७ सालचे गोल प्रार्थनामंदिर आहे. सैतानाला दडायला कोपरा राहू नये म्हणून ते गोल बांधले, असे लोक गमतीने सांगतात. खाली पाण्याला लागून १७७९ सालापासूनची भट्टी. एका टोकाला देव आणि दुसऱ्या टोकाला व्हिस्की, अशी गावाची मांडणी!

या बेटावर झाडे थोडी, आणि जमीन दलदलीची. शेवाळ आणि रानझुडपे हजारो वर्षे पाण्यात कुजून जो काळा थर होतो, त्याला पीट म्हणतात. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. त्याच्या विटा कापून वाळवायच्या आणि चुलीत घालायच्या, हे तेथले पूर्वापारचे सरपण. जवाला मोड आणून ते सुकवतानाही हाच धूर. ओल्या दाण्याच्या सालीत तो जो शिरतो, तो पुढे आंबवण्यात, तांब्याच्या भांड्यांतून दोनदा ऊर्ध्वपातन होण्यात आणि लाकडात मुरण्यातही पुरता जात नाही. बोमोरला जवाचा काही भाग अजूनही जमिनीवर पसरून, लाकडी फावड्याने खालीवर करून मोडवतात. ती खोली पाहताना मला आजोळच्या माजघराची आठवण झाली.

आम्ही चाखली ती पंधरा वर्षांची. पहिली बारा वर्षे ती अमेरिकन बर्बनच्या रिकाम्या पिंपांत मुरते. बर्बनला दर वेळी नवे जाळलेले पिंपच लागते, म्हणून जुनी स्कॉटलंडला विकली जातात. शेवटची तीन वर्षे मात्र तिला स्पेनमधल्या ओलोरोसो शेरीच्या पिंपाचे पुट मिळते. पूर्वी शेरी पिंपांतून ब्रिटनला येई आणि रिकामी पिंपे भट्टीवाल्यांना आयती मिळत. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरावी असे ठरले आणि ती वाट बंद झाली. आता हेरेस गावी व्हिस्कीसाठीच पिंपे करवून, त्यांत शेरी भरून ठेवून ती मुद्दाम तयार करतात. मुरताना दरसाल दोनेक टक्के दारू हवेत उडते. तिला तेथे देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्या गोव्यात कुंकळ्ळीलाही आता माल्ट व्हिस्की होते. तेथल्या उन्हाळ्यात देवदूतांची तहान पुष्कळच मोठी असते!

पेला पुढे आला. रंग जुन्या तांब्यासारखा. शिष्य म्हणाला, “गुरुजी, प्यायचे नाही. आधी नाकाने ऐका.” शेजारी एक कागद ठेवला होता, त्यावर काय काय वास येतील याची यादी. मंडळी एकेक नाव घेत होती: संत्र्याची साल, टॉफी, काळे चॉकलेट. मीही मान डोलावली. आणि लगेच शरम वाटली. जो स्वर कानांवर पडला नाही त्याला दाद देऊ नये, असे मी पोरांना वर्गात रोज बजावतो. आणि येथे स्वतःच छापील दाद देत होतो!

कागद पालथा घातला आणि पुन्हा पेला नाकाशी नेला. खरे सांगायचे तर मला दोनच गोष्टी ओळखता आल्या. एक होळीच्या दुसऱ्या दिवशीची, पाणी मारलेली राख. तिच्यामागे जुन्या दवाखान्यातल्या आयोडीनची छटा. दुसरी मनुका. घोट जिभेवर ठेवला तेव्हा आधी मनुकेचा गोडवा पसरला, मग अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा, आणि धूर कुठे गेला म्हणेपर्यंत तो घशातून परत वर आला. रागात दुसऱ्या रागाची छाया आणून मूळ रूप क्षणभर झाकायचे आणि पुन्हा उघडे करायचे, याला आम्ही तिरोभाव-आविर्भाव म्हणतो. येथे ते काम शेरी करते. मात्र पुट जड झाले की मूळ राग हरवतो, हा धोका दोन्हीकडे सारखाच. या पेल्यात तो हरवला नव्हता.

शिष्याने त्यात पाण्याचे चार थेंब टाकले. २०१७ साली स्वीडनच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून दाखवले, की धुराचा वास देणारा ग्वायाकोल हा रेणू पाणी मिसळल्यावर पृष्ठभागाकडे येतो. माझ्या नाकाला ते मान्य झाले. राख जवळ आली.

पेल्यात निम्म्याहून अधिक उरले होते. शिष्याने विचारले, “गुरुजी, आवडली नाही?”

“आवडली, म्हणूनच ठेवतो,” मी म्हणालो.

मला त्या सारंगियांची आठवण होत होती. इतकी वर्षे प्याले ते. पण पेल्यात काय आहे, हे त्यांना कोणी थांबून विचारले नाही, आणि त्यांनाही ते सांगता आले नसते. परत आल्यावर आईला मात्र मी सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, “हात दाखव.”

मी दोन्ही हात पुढे केले.