सर्व्हर परत येतो तेव्हा

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूर मागे पडतं आणि डोंगरकड्याच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी, ऊस आणि हळद दिसू लागते. या पट्ट्यात शेतीची थ्रीफेज वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. ती आल्यावरच्या पहिल्या मिनिटात काय घडतं हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ऑटोस्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच झटक्यात उचलतात. सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते. त्या एकामागून एक सुरू झाल्या असत्या तर डीपीला, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरला, एवढं जड गेलं नसतं. पण एकदम सुरू झाल्या की फ्यूज जातो, नाहीतर डीपीच जळते, आणि मग आलेली वीजही कामाची राहत नाही. म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच लावू नका असं पुन्हापुन्हा सांगत असतं.

हाच पेच जगभर पसरलेल्या लाखो संगणकांपुढेही उभा राहिला होता. त्यावर जे उत्तर निघालं ते मला आजही थक्क करतं. त्यातला एक धागा तर थेट हिंगोली जिल्ह्यापर्यंत येतो.

डोंगरकडा कळमनुरी तालुक्यात आहे. शेजारच्या औंढा तालुक्यात, नागनाथाच्या परिसरातल्या दुधाळा गावाजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा सापडल्याची घोषणा झाली आणि आठवडा उलटायच्या आत, १७ फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली. इथली जमीन शांत आहे, कंपनं कमी आहेत, म्हणून ही जागा निवडली गेली. वेधशाळेचे प्रत्येकी चार किलोमीटर लांबीचे दोन हात काटकोनात असतील. लहर जाताना त्या चार किलोमीटरांत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतो. तेवढा फरक यंत्राने टिपायचा असतो.

टिपल्यानंतरचं काम आणखी अवघड आहे. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की क्षणभराचा संकेत येतो. तो गोंगाटातून ओळखायच्या गणिती पद्धती घडवण्यात पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासोबतचं त्यांचं १९९१ चं काम आजही पायाभूत मानलं जातं. पण दुसऱ्या एका जातीची लहर सतत वाहत असते आणि फारच क्षीण असते. वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यावर थोडासा जरी उंचवटा असेल तर असा तारा वर्षानुवर्षे एकाच सुरात गुणगुणत राहील. तो सूर कानी पडायचा तर महिनोन्महिन्यांची नोंद एकत्र घ्यावी लागते. तारा कुठे आहे आणि किती वेगाने फिरतो हे माहीत नसल्याने आकाशातली प्रत्येक जागा आणि प्रत्येक वेग तपासून पाहावा लागतो. नोंद जितकी लांब, तितकं गणित भराभर फुगत जातं. महासंगणकांनाही ते पुरं पडत नाही.

म्हणून १९ फेब्रुवारी २००५ रोजी ‘आइनस्टाइन ॲट होम’ सुरू झालं. ब्रूस ॲलन यांच्या पुढाकाराने, अमेरिकेतलं विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ आणि जर्मनीतली माक्स प्लांक संस्था यांनी लोकांना सांगितलं की तुमचा संगणक रिकामा असेल तेव्हा आम्हाला उसना द्या. संगणकात ‘बॉइंक’ नावाचा प्रोग्राम बसवायचा, तो सर्व्हरकडून कामाचा एक तुकडा आणतो, गणित करतो आणि उत्तर परत पाठवतो. पगार नाही, करार नाही. कोण कधी यंत्र बंद करेल याचा नेम नाही.

या पद्धतीची कसोटी त्याआधीच लागली होती. १७ मे १९९९ रोजी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून ‘सेटी ॲट होम’ सुरू झालं, परग्रहावरच्या बुद्धिमान जिवांचे रेडिओ संकेत शोधण्यासाठी. लोक इतके धावून आले की सर्व्हर आणि इंटरनेटची जोडणी दोन्ही दमून गेली. एक तुकडा साधारण ३५० किलोबाइटचा, म्हणजे आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोहून लहान. त्यात आकाशाच्या १०७ सेकंदांच्या रेडिओ नोंदीची एक बारीक पट्टी असायची. पण लाखो लोक तो मागू लागले तेव्हा विद्यापीठाच्या जाळ्यातला एवढा वाटा या एकाच प्रकल्पाने खाल्ला की त्यावर मर्यादा घालावी लागली, आणि पुढे प्रकल्पाला वेगळी जोडणी घ्यावी लागली. गंमत म्हणजे मूळ नोंद पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीकडून बर्कलीला यायची ती टपालाने, टेपांवर. तिथली इंटरनेट जोडणी एवढा भार पेलणारी नव्हती.

आता खऱ्या पेचाकडे येतो. सर्व्हर बंद पडतो. कधी डिस्क जाते, कधी वीज जाते, कधी तो मुद्दामच बंद ठेवावा लागतो. सेटीचा सर्व्हर तर दर मंगळवारी नेमाने बंद असायचा, डेटाबेस साफ करून त्याची प्रत काढण्यासाठी. त्या वेळात जगभरच्या संगणकांची उत्तरं तयार होत राहायची आणि दारापाशी रांग वाढत राहायची. सर्व्हर उठला आणि सगळे एकदम आत घुसले, तर डीपीसारखीच गत. तो पुन्हा कोसळणार, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक रांग आणखी लांबणार.

बॉइंक रचणाऱ्या डेव्हिड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काय केलं? त्यांनी प्रत्येक संगणकाला थांबायला शिकवलं. सर्व्हर भेटला नाही तर थोडं थांब. पुन्हा भेटला नाही तर आधीपेक्षा साधारण दुप्पट थांब. समजा पहिली विश्रांती एक मिनिटाची, मग दोन, चार, आठ. दहा वेळा दुप्पट झाली की ती १०२४ मिनिटांची होते, म्हणजे सतरा तासांहून अधिक, म्हणून तिला वरून एक मर्यादा घातलेली असते. आणि यातला सगळ्यात सुंदर भाग: या थांबण्यात थोडा योगायोग मुद्दाम मिसळलेला असतो. प्रत्येक संगणक जणू स्वतःपुरता फासा टाकतो. दोन संगणक एकाच क्षणी अडले तरी एकाच क्षणी परतत नाहीत. लाखो यंत्रं, त्यांची आपापसात ओळख नाही, कुणी मुकादम नाही, तरी गर्दी आपोआप पांगते. सर्व्हर कितीही काळ बंद असला तरी उठल्यावर त्याच्या दारात संगणक येतात ते जवळपास नेहमीच्याच गतीने.

तोवर घरचा संगणक रिकामा बसत नाही. आधीच काही तासांचं किंवा काही दिवसांचं काम त्याने साठवून ठेवलेलं असतं. मधेच वीज गेली तर अधूनमधून लिहून ठेवलेल्या नोंदीपासून तो पुढे सुरू करतो. आणि एखादा कायमचाच नाहीसा झाला, तर ठरलेली मुदत उलटल्यावर सर्व्हर तेच काम दुसऱ्याकडे सोपवतो.

बँडविड्थच्या बाबतीत आइनस्टाइन ॲट होमने केलेली युक्ती मला त्याहूनही आवडते. लायगोच्या नोंदींच्या फाइली मोठ्या असतात, पण एकाच फाइलवर करायची कामं पुष्कळ असतात. मग प्रत्येक कामासाठी नवी फाइल कशाला धाडायची? सर्व्हर आधी विचारतो, तुझ्याकडे कोणत्या फाइली आहेत? आणि शक्यतो त्यांच्यावरचंच पुढचं काम देतो. त्या फाइलीवरची कामं संपली की ती पुसायला सांगतो. शिवाय फाइलींच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवता येतात. संगणक आपलं घड्याळ कोणत्या टाइमझोनवर आहे हे सांगतो आणि त्यावरून जवळचा सर्व्हर सुचवला जातो. पृथ्वीवर आपण कुठे आहोत हे घड्याळावरून ओळखायची दर्यावर्दींची जुनी विद्या अशी पुन्हा कामाला आली.

इतकी खटपट करून हाती काय लागलं? आइनस्टाइन ॲट होम पुढे लायगोसोबत रेडिओ दुर्बिणीच्या नोंदीही तपासू लागलं. एकच काम दोन वेगळ्या संगणकांना द्यायचं आणि उत्तरं जुळली तरच मानायची, असा नियम आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका घरातला संगणक आणि जर्मनीतल्या माइन्झमधला एक संगणक, दोघांनी अरेसिबोच्या जुन्या नोंदींत एकच ठोका शोधला. जंबुक तारकासमूहाच्या दिशेला, सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा एक पल्सार, म्हणजे फिरताना रेडिओ ठोके देणारा न्यूट्रॉन तारा. त्याचं नाव पीएसआर जे२००७+२७२२, आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात तो त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जाहीर झाला. त्यानंतर या स्वयंसेवकांनी आणखी कितीतरी पल्सार शोधले आहेत. न्यूट्रॉन ताऱ्याचं ते सततचं गुणगुणणं मात्र अजून कुणाला ऐकू आलेलं नाही.

सेटीने ३१ मार्च २०२० रोजी नवं काम वाटणं थांबवलं. आइनस्टाइन ॲट होमचं काम त्यानंतरही चालू राहिलं आहे. कळमनुरी, औंढा, वसमतच्या शाळा-महाविद्यालयांत संगणकाच्या खोल्या आहेत आणि दिवसातला बराच वेळ ती यंत्रं नुसती रिकामी असतात. शिक्षकांनी परवानगी घेऊन त्यांतल्या एखाद्यावर बॉइंक बसवून पाहावं. नेट कमी असेल तर किती दिवसांत किती मेगाबाइट वापरायचे याची मर्यादा त्याच्या सेटिंगमध्येच ठरवता येते. मोबाइलवर तो मुळातच चार्जिंगला लावल्यावर आणि वायफायवर चालतो. वीज गेली तर जाऊ द्या, तो आपल्या पाळीची वाट पाहील. दुधाळ्याची वेधशाळा सुरू होईल तेव्हा तिच्या नोंदींवर गणित करायची सवय याच जिल्ह्यातल्या मुलांना आधीपासून असावी, एवढं नक्की करता येण्यासारखं आहे.