अर्ध्या डॉलरमधील चांदी

एकाच मापाची, एकाच छबीची दोन नाणी सराफापुढे ठेवली, तर नवख्या डोळ्याला त्यांत भेद दिसत नाही. दोन्ही अमेरिकेची, अर्ध्या डॉलरची. दोन्हींवर जॉन केनेडी. परंतु एकावर १९६४ आणि दुसऱ्यावर १९६७ हे साल असेल, तर पहिल्यात सव्वाअकरा ग्रॅम चांदी असते आणि दुसऱ्यात अवघी ४.६ ग्रॅम.

साठच्या दशकात चांदी महागत गेली, लोक नाणी घरात साठवू लागले आणि बाजारात मोड मिळेनाशी झाली. जुलै १९६५ मध्ये नव्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची स्वाक्षरी झाली. दहा व पंचवीस सेंटांच्या नाण्यांतून चांदी पूर्णपणे गेली. अर्ध्या डॉलरमध्ये ती नव्वदवरून चाळीस टक्क्यांवर आली. बाहेरच्या दोन्ही थरांत ८० टक्के चांदी, आतल्या गाभ्यात जेमतेम २१ टक्के, बाकी तांबे. म्हणजे केवळ पृष्ठभागाचा कस घेतला, तर नाणे आहे त्याहून दुप्पट श्रीमंत ठरेल! १९७१ पासून चलनातल्या नाण्यांत चांदीऐवजी तांबे व निकेलच उरले.

चाळीस टक्क्यांचे नाणे नव्वदच्या भावाने विकणे हा श्रावकाच्या अचौर्याणुव्रतातील ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा अतिचारच होय. तो अजाणताही घडू नये, यासाठी प्रथम साल पाहावे, मग वजन. १९६४ चे नाणे साडेबारा ग्रॅमचे, चाळीस टक्क्यांचे साडेअकरा, तांबे-निकेलचे ११.३४ ग्रॅम. शेवटच्या दोहोंतील अंतर इतके थोडे, की झिजलेल्या नाण्यात काटाही फसवतो. तेथे कड कामी येते : निकेलच्या नाण्याच्या कडेवर तांब्याचा ठळक लाल पट्टा दिसतो, चांदीच्या नाण्यात तो फिकट असतो. १९७६ च्या दुहेरी सालाच्या नाण्यांत ही परीक्षा विशेष हवी; संग्राहकांसाठी काढलेली काहीच चांदीची आहेत, आणि सॅन फ्रान्सिस्कोची ‘एस’ खूण असलेली सगळीही नाहीत.

१९६५ ते १९६९ ची वापरलेली नाणी बहुधा धातूच्या भावानेच जातात : ४.६ ग्रॅम गुणिले त्या दिवसाचा दर, वजा गाळणावळ. १९७० चे डेन्व्हरचे नाणे मात्र वेगळे. ते चलनात आलेच नाही. संग्राहकांच्या संचांतून सुमारे साडेएकवीस लाखच निघाले, म्हणून त्याला धातूहून अधिक किंमत येते. असे नाणे हाती लागले, तर रिठ्याच्या पाण्याने उजळण्याचा मोह टाळावा. घासलेल्या नाण्याला संग्राहक चांदीचाच भाव देतो.