देखरेख की पाळत?

फ्रीज बिघडला की आपण कंपनीला फोन करतो. गाडी दारात येते, दुरुस्तीवाला हत्यारांची पेटी घेऊन घरात शिरतो. त्याच्या गाडीत पुष्कळदा काडेपेटीएवढी एक डबी बसवलेली असते. सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत पकडून ती गाडीचा ठावठिकाणा काढते आणि आतल्या सिमकार्डामार्फत मालकाला कळवते. गाडी कुठे थांबली, किती वेळ थांबली, सारे पडद्यावर उमटते. हीच ती जीपीएस यंत्रणा.

मालकाची बाजू खोटी नाही. गाडी त्याची, डिझेल त्याचे. चोरी झाली तर गाडी सापडावी, गिऱ्हाइकाकडे जवळचा माणूस लवकर पोचावा, यात गैर काय? प्रश्न एवढाच, की डबी सांगून बसवली की लपवून? सांगून ठेवली तर ती देखरेख. लपवून ठेवली तर ती पाळत.

पाळत किती दूर जाते, याचे उदाहरण न्यूयॉर्क राज्यात घडले. कामाचे तास खोटे दाखवल्याचा संशय असलेल्या एका सरकारी नोकराच्या खासगी मोटारीला २००८ मध्ये गुपचूप जीपीएस यंत्र लावण्यात आले. रात्री, सुट्टीच्या दिवशी, एवढेच नव्हे तर तो कुटुंबासह सहलीला गेला तेव्हाही ते चालूच होते. नोकरी देणारे खाते होते खुद्द कामगार खाते! २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चौकशीचा हक्क मान्य केला. पण हा पाठलाग अवाजवी ठरवून त्यातून मिळालेला पुरावा बाद केला.

कंपनीच्या गाडीवर मालकाचा हक्क अधिक, हे खरेच. पण तीच गाडी संध्याकाळी कामगाराच्या घरी उभी राहते, वाटेत दवाखान्याशी थांबते. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. मात्र २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची वाट ठेवली आहे. तेव्हा उरतो तो मालकाचा सचोटीचा प्रश्न.

यंत्र का बसवले, नोंदी कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, सुट्टी झाल्यावर ते बंद होणार का, हे नेमणुकीच्या वेळीच मराठीत लिहून द्यावे. ज्या माणसाला आपण परक्यांच्या घरात विश्वासाने पाठवतो, त्याला एवढे विश्वासात घेऊन सांगायला काय हरकत आहे?