सूर्यास्ताअलीकडचा हरीरा

एके काळी आपल्या सोयरिकी धाराशिव, बार्शी, लातूर, सोलापूर या टापूतच जमत असत. आता मुले-मुली शिक्षणासाठी व व्यापारासाठी दूरदेशी जातात आणि जोडीदारही तेथेच लाभतो. विवाहाने दोन कुटुंबे जोडली जातात, तशी दोन स्वयंपाकघरेही समोरासमोर येतात. पहिल्या गोष्टीची चर्चा पुष्कळ होते, दुसरीची क्वचितच.

माझी भाची पॅरिसला नोकरी करते. तिचे यजमान मूळचे मोरोक्कोतील फेस शहरचे. विवाहानंतरच्या पहिल्या दिवाळीला दोघे धाराशिवला आले, तेव्हा जावईबापूंना त्यांच्या माहेरच्या चवीचा हरीरा करून घालावा, असे तिच्या मनात आले. हरीरा म्हणजे कडधान्ये, टोमॅटो व कोथिंबीर यांचे दाटसर सूप. अरबीत ‘हरीर’ म्हणजे रेशीम. त्या मऊपणावरून हे नाव पडले, असे मानतात. उत्तर हिंदुस्थानात बाळंतिणीला तूप, गूळ व सुंठ घालून देतात, त्या पेयालाही हरीराच म्हणतात.

ताईंच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या घरी कंदमूळ येत नाही आणि रात्रीभोजनाचा त्याग आहे. भाचीने कांदा, लसूण, ओले आले सारे वगळले. उरले ते टोमॅटोचे पातळ पाणी. जावईबापूंनी वाटी संपविली, पण पुन्हा मागितली नाही. त्याहून अवघड ठरली ती वेळ. मोरोक्कोत रमजानचा उपवास सूर्यास्त होताच हरीऱ्याने सोडतात. हरीरा सूर्य मावळल्यावरचा, ही लहानपणापासूनची सवय. दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे सहाच्या आतच सूर्य मावळतो आणि ताई तत्पूर्वीच चूळ भरून मोकळ्या होतात. म्हणून त्या संध्याकाळी जावईबापू एकटेच पानावर बसले. घरचा जावई एकटा जेवतो, हे ताईंच्या मनाला फार लागले.

दुसऱ्या दिवशी त्या लेकीला म्हणाल्या, “काय नको ते मला ठाऊक आहे. त्यात काय हवेच, ते तुझ्या सासूबाईंना विचार.”

या एका प्रश्नाने सारे पालटले. आपण परक्या पदार्थाकडे पाहताना बहुधा वर्ज्य वस्तूंचीच यादी करतो. त्या पदार्थाचा प्राण कशात आहे, हे विचारावयाचे राहून जाते. फेसहून उत्तर आले, ते असे : मांसाविनाही हरीरा होतो, परंतु कडधान्य, कोथिंबीर, सुंठ, दालचिनी आणि शेवटी ओतावयाची पिठाची पेज यांविना होत नाही. या पेजेला तिकडे ‘तदुइरा’ म्हणतात. रेशमी मऊपणा तिच्यामुळेच येतो आणि पहिल्या दिवशी नेमकी तीच राहून गेली होती.

मराठी घरांना हा प्रसंग अगदीच नवा नाही. रायगडच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायली मंडळी तेलघाण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. मोरोक्कोतील ज्यू कुटुंबेही मोठ्या संख्येने तेथेच आली. दिमोनासारख्या गावांत दोघांची घरे जवळजवळ उभी राहिली. १९६१ च्या सुमारास इतर ज्यूंशी विवाह करताना बेने इस्रायलींच्या कुळाची चौकशी व्हावी, असा धर्मपीठाचा आदेश निघाला. त्याविरुद्ध त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ मध्ये त्यांना समान मान मिळाला. त्यांच्या स्वयंपाकालाही कडक नियम आहेत. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून कोकणातील या घरांनी नारळाच्या दुधाचा आधार घेतला. मोरोक्कोचे ज्यूही योम किप्पूरचा उपवास हरीऱ्याने सोडतात. नियम पाळूनही चव राखता येते, हे या दोन्ही स्वयंपाकघरांनी दाखविले आहे.

आता ताईंची कृती सांगते. चौघांसाठी पाऊण वाटी हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवावी. रात्रभर काही भिजत ठेवावयाचे नसल्याने अख्ख्या हरभऱ्याऐवजी डाळच बरी. अर्धी वाटी मसूर डाळ घ्यावी; ज्या घरी मसूर चालत नाही, तेथे मूगडाळ. तुपात चिमूटभर हिंग, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा हळद, पाव चमचा दालचिनीची पूड व मिरपूड परतावी. पाच-सहा पिकलेले टोमॅटो चिरून घालावेत. मग डाळी, पाणी व मीठ घालून सारे मऊ शिजवावे. दोन मोठे चमचे कणीक वाटीभर पाण्यात कालवून बारीक धारेने ओतावी व सतत ढवळावे, नाहीतर गुठळ्या होतात. तिकडे काही जणी ही पेज रात्रभर आंबवितात. आपण ती आयत्या वेळी कालवावी. दहा मिनिटे मंद आचेवर ठेवून चिरलेली कोथिंबीर घालावी व वाढताना लिंबू पिळावे. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असल्यास धन्याची पूड वापरावी.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्याच जिल्ह्यातील कुंथलगिरीवर १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. आहारसंयमाचा एवढा मोठा आदर्श ज्या भूमीने पाहिला, तेथील गृहिणीला आपला नियम सैल करावा असे वाटणार नाही. पण संयम हा स्वतःसाठी असतो; त्यापायी घरात आलेल्या माणसाला परके वाटू लागले, तर आपल्याच पाळण्यात काही उणे राहिले, असे समजावे.

त्या दिवशी पाच वाजताच पाने मांडली. जावईबापूंनी आपण होऊन वेळ अलीकडे घेतली, ताईंनी पातेले. त्यांनी ज्वारीची भाकरी हरीऱ्यात कुस्करली आणि दुसरी वाटी मागून घेतली. कांद्याची आठवण येते, हे त्यांनी लपविले नाही. ताईंनाही त्याचे वाईट वाटले नाही. उन्हे उतरण्यापूर्वी सर्वांचे जेवण एका पंगतीत झाले.