काशीचा अमृतराव घाट

वाराणसीत गंगेच्या पश्चिम तीरावर, दशाश्वमेध आणि केदार या दोन गजबजलेल्या घाटांच्या मधल्या शांत टप्प्यात अमृतराव घाट आहे. आज त्याला राजा घाट म्हणतात. नावाडीही याच नावाने तो दाखवतात. त्याच्या दक्षिणेला नारद घाट, तर उत्तरेला खोरी घाट आणि पांडे घाट आहे. पायऱ्या चढून मागच्या गल्ल्यांत शिरले की बंगाली टोल्याची दाट वस्ती लागते. मराठी माणसाने बांधलेला घाट आणि त्याच्या पाठीशी बंगाली मोहल्ला, हे काशीच्या घडणीला साजेसेच आहे. भारतातल्या प्रत्येक प्रांताने या नदीकाठी आपापला तुकडा वसवला.

अस्सीपासून वरुणेच्या संगमापर्यंत गंगेची चंद्रकोरीसारखी वळलेली पश्चिम कड सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावर 80 हून अधिक घाट आहेत. येथे गंगा उत्तरेकडे वाहते, म्हणून सगळे घाट पूर्वाभिमुख आहेत आणि पहाटेचे पहिले ऊन पायऱ्यांवर थेट पडते. पैलतीरी वस्ती नाही, वाळूचे पात्र आहे. शहर एकाच काठावर वसले, कारण हा काठ उंच आणि कठीण मातीचा आहे. समोरचा काठ सखल असून दर पावसाळ्यात बुडतो.

18व्या शतकापर्यंत यांतले बहुतेक घाट कच्चे होते, म्हणजे मातीचा उतार आणि त्यात कोरलेल्या पायवाटा. त्यांना दगडी रूप देण्याचे काम मोठ्या प्रमाणावर मराठ्यांनी केले. त्याचा पाया मात्र त्याआधीच्या विद्वानांनी घातला होता. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांनी 16व्या शतकात विश्वेश्वराच्या मंदिराची पुन्हा उभारणी केली. त्याच घराण्यातल्या गागाभट्टांनी 1674 मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. एकनाथांनी आपला भागवतावरचा ग्रंथ 1573 मध्ये काशीतच पूर्ण केला. पुढे पेशवाईत पैसा आला आणि त्याबरोबर दगडही आला. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर बांधले, नागपूरकर भोसल्यांनी भोसले घाट, तर बायजाबाई शिंद्यांनी शिंदे घाट. अमृतराव घाट या मालिकेतलाच आहे. फरक इतकाच की तो बांधणाऱ्याकडे त्या वेळी राज्य उरलेले नव्हते.

अमृतराव हे रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र. मूळचे ते भुस्कुटे घराण्यातले. दुसऱ्या बाजीरावाच्या जन्माआधीच, म्हणजे 1775 पूर्वी, ते दत्तक आले होते, पण औरस मुलगा झाल्यावर गादीवरचा हक्क मागे पडला. 25 ऑक्टोबर 1802 रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून पळाले आणि 31 डिसेंबरला त्यांनी वसईत इंग्रजांशी तह केला. इकडे होळकरांनी अमृतरावांना जुन्नरहून पुण्यात आणले. त्यांचे पुत्र विनायकराव यांना गादीवर बसवायचे आणि कारभार अमृतरावांनी पाहायचा, असा बेत होता. तो काही महिनेच टिकला. एप्रिल 1803 मध्ये आर्थर वेलस्लीची फौज पुण्यात पोहोचली, त्याआधी अमृतराव शहरातून निघाले होते. मे महिन्यात बाजीराव इंग्रजांच्या आधाराने पुन्हा गादीवर आले. ऑगस्टमध्ये अमृतरावांनी इंग्रजांशी करार केला आणि वर्षाला सात लाख रुपयांचे वेतन स्वीकारून राजकारण सोडले.

त्यानंतर ते काशीला राहिले. हा घाट पक्का झाला तो याच काळात, 19व्या शतकाच्या पहिल्या दशकात. भोसले घाटापलीकडच्या गणेश घाटावरचे अमृतविनायकाचे मंदिर 1807 मधले, तेही त्यांचेच. पण काशीत त्यांचे नाव झाले ते बांधकामापेक्षा दानधर्मामुळे. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर सप्टेंबर 1824 मध्ये बनारसला आले तेव्हा त्यांनी प्रवासवर्णनात याची तपशीलवार नोंद केली. वर्षातल्या एका ठरावीक दिवशी जो ब्राह्मण, आंधळा किंवा लंगडा माणूस येईल त्याला अमृतराव तांदळाचे माप आणि एक रुपया देत. त्यासाठीच्या शहराजवळच्या त्यांच्या मोठ्या बागेला चार दरवाजे होते. तीन दरवाजांतून तीन वेगवेगळ्या वर्गांचे लोक आत येत, चौथा अमृतराव आणि त्यांच्या माणसांसाठी राखलेला असे. दान घेतलेल्या माणसाला दिवसभर बागेतच थांबावे लागे, म्हणजे तोच माणूस पुन्हा रांगेत येत नसे. अशा एका दिवशी कधी कधी पन्नास हजार रुपये वाटले जातात, असे हेबर यांच्या कानावर आले होते. वर्षभराचा एकूण दानधर्म त्याच्या तिपटीच्या घरात असावा, असा त्यांचा अंदाज होता. हे आकडे खरे धरले तर सात लाखांतला बराच मोठा वाटा लोकांच्या हातात जात होता. इंग्रजांचे वेतन घेणाऱ्या अनेक राजघराण्यांपेक्षा अमृतराव वेगळे ठरतात ते इथे.

हेबर यांना अमृतरावांना भेटायचे होते, भेट ठरलीही होती. पण अमृतराव आजारी पडले आणि त्याच महिन्यात वारले. बनारस सोडण्यापूर्वी हेबर यांना दिसली ती अमृतरावांच्याच दारासमोर, गंगेवरच्या घाटावर धुमसणारी चिता. त्यांच्या मृत्यूची ही नोंद एका परक्या धर्मगुरूच्या हातची आहे आणि तिच्यात आदर आहे.

पुढे विनायकरावांनी 1829 पासून बुंदेलखंडातले चित्रकूटजवळचे कर्वी हे आपले ठिकाण केले आणि तिथे मंदिरे व विहिरी बांधल्या. कर्वीची गणेशबाग त्यांच्याच काळातली. विनायकराव 1853 मध्ये वारले. त्यांच्या वारसांपैकी नारायणराव आणि लहानगे माधवराव 1857 च्या उठावात ओढले गेले. जून 1858 मध्ये जनरल व्हिटलॉकच्या फौजेने कर्वीचा खजिना ताब्यात घेतला. बांदा आणि कर्वीच्या त्या लुटीची वाटणी कशी करायची यावर इंग्रज सेनाधिकाऱ्यांतच वाद झाला आणि तो लंडनच्या न्यायालयात 1866 पर्यंत चालला. कर्वीची दौलत अशी गेली. काशीचा घाट तेवढा उरला.

या घाटाकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तो सजावटीसाठी नव्हे, नदीला तोंड देण्यासाठी बांधला आहे. काशीचे घाट चुनारच्या वालुकाश्माचे आहेत. चुनार नदीच्या वरच्या अंगाला असल्यामुळे हा दगड होड्यांतून प्रवाहाबरोबर आणता येई. काठावरच्या वाड्यांचे खालचे मजले जवळपास आंधळ्या भिंतींचे असतात आणि राहण्याच्या खोल्या, खिडक्या खूप वर सुरू होतात. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी 71.26 मीटर आहे. सप्टेंबर 1978 च्या पुरात पाणी 73.90 मीटरपर्यंत चढले होते. पावसाळ्यात सगळ्या पायऱ्या पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर चालत जाणे बंद होते आणि नाव चालवण्यावरही बंदी येते. पाणी ओसरले की गाळाचे जाड थर उरतात. ते नदीचेच पाणी पंपाने मारून धुवावे लागतात. कार्तिक पौर्णिमेच्या देवदिवाळीपूर्वी हे काम उरकण्याची घाई असते.

घाट पाहण्यासाठी दशाश्वमेधवरून नदीच्या काठाकाठाने दक्षिणेकडे चालत जाणे सोयीचे. वाटेत अहिल्याबाई, मुन्शी, दरभंगा, राणामहाल, चौसट्टी हे घाट लागतात आणि पांडे घाट ओलांडला की राजा घाट येतो. नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला, कारण पाणी खाली गेलेले असते आणि पायऱ्या तळापर्यंत मोकळ्या दिसतात. पहाटे नावेतून आले तर संपूर्ण दर्शनी बाजू एका नजरेत येते. ज्यांना अमृतरावांच्या कामाचा दुसरा भाग पाहायचा आहे त्यांनी नाव तशीच उत्तरेकडे, मणिकर्णिकेच्या पुढे गणेश घाटापर्यंत न्यावी.