घाटात पडलेलं मशीन आणि सव्वाचार किलोचं कॅरिअर

साखळीच्या आत्याचं शिवणयंत्र दुरुस्तीला बेळगावात आलं होतं. दुरुस्त झाल्यावर ते पोचवायचं काम माझ्याकडे आलं. पाय आणि टेबल तिच्याकडेच होतं, न्यायचा होता फक्त वरचा बिडाचा काळा भाग. बाबांनी तो लाकडी खोक्यात नीट बसवून दिला. खोक्यासकट वजन भरलं सोळा किलो. माझ्या साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलला मी वर्षभरापूर्वी ऑनलाइन मागवलेलं कॅरिअर होतं, त्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं वीस किलो. सोळा म्हणजे वीसपेक्षा कमी, इतकं गणित मला येत होतं.

जांबोटी गेलं, कणकुंबी गेलं. चोर्ल्याच्या उतारावर एका खड्ड्यातून गाडी गेली आणि मागून 'टक्' असा आवाज आला. आरशात बघेपर्यंत खोकं रस्त्यावर होतं. मागे स्कूटरवर एक जोडपं होतं, पुढे उभं एक लहान मूल. त्या माणसानं स्कूटर कशी वळवली त्यालाच माहीत. त्यांना काही लागलं नाही. तो थांबला, माझ्याकडे बघितलं, काहीच बोलला नाही आणि निघून गेला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मशीनचा हात, म्हणजे सुईच्या वरचा आडवा भाग, मधोमध तुटला होता. याच मशीनवर आत्यानं दोन मुलांची शिक्षणं केली. फोनवर ती एवढंच म्हणाली, "तू पडला नाहीस ना? मग राहू दे."

बाबांनी चौतीस वर्षं उद्यमबागच्या फाउंड्रीत काढली. घरी आल्यावर त्यांनी मशीनकडे नंतर बघितलं, आधी तुटलेलं कॅरिअर हातात घेतलं. चष्मा कपाळावर सरकवून तुटलेली कड उजेडात धरली आणि मला म्हणाले, "हे बघ. अर्धं तपकिरी, अर्धं चकचकीत. चकचकीत आज तुटलंय. तपकिरी कधीचंच तुटलेलं, आत गंज धरलाय. दोन-तीन महिने हे चिरत चाललं होतं आणि तू वरनं फडका मारत होतास."

मी कॉम्प्युटरचा बीई. लोखंडाला थकवा येतो हे परीक्षेपुरतं कुठेतरी वाचलं होतं. एकदाच दिलेला मोठा भार सोसणारी वस्तू लहान भाराच्या लाखो हेलकाव्यांनी तुटू शकते, आणि ती बहुतेक वेळा वेल्डिंगच्या कडेलाच तुटते. तिथे धातू तापून बदललेला असतो, आकारही एकदम बदलतो, त्यामुळे ताण नेमका तिथे गोळा होतो. माझं जुनं कॅरिअर दोन बोल्टांवर मागे लटकलेलं होतं. खाली आधार काहीच नाही. खड्ड्यात गाडी आपटली की त्या क्षणापुरतं सोळा किलोचं ओझं दुप्पट-तिप्पट होतं, आणि ते सगळं त्या दोन जोडांवर येतं. जाहिरातीतले वीस किलो दुकानात उभ्या असलेल्या गाडीचे असावेत.

नवीन विकत घेणार नाही, स्वतः करणार, असं मी जाहीर केलं. बायको म्हणाली, "चालेल. पण त्यावर बसवून मला कुठे नेऊ नकोस." बाबा म्हणाले, "कर की. कानस कुठल्या बाजूनं धरायची ते तरी माहीत आहे काय?"

माहीत नव्हतं.

पहिले चार दिवस मी फक्त मापं घेतली. इथे एक गोष्ट कळली, ती कॅरिअर विकत घेणाऱ्यांनाही उपयोगी आहे. ओझं मागच्या चाकाच्या आसाच्या किती मागे आहे यावर पुढचं चाक किती हलकं होणार हे ठरतं. माझ्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर 1390 मिलिमीटर. वीस किलोचं खोकं आसाच्या 300 मिलिमीटर मागे ठेवलं तर पुढच्या चाकावरचं सुमारे 4.3 किलो वजन उचललं जातं आणि मागच्या चाकावर वीसऐवजी चोवीसपेक्षा जास्त येतं. तेच खोकं 150 मिलिमीटरवर आणलं तर पुढून जातात जेमतेम 2.2 किलो. आकडा लहान वाटेल, पण चढावर आणि ओल्या वळणावर हँडल हलकं झालेलं हाताला लगेच कळतं. म्हणून कॅरिअर सीटला जितकं चिकटवता येईल तितकं चिकटवायचं, उंचीही कमी ठेवायची, हे पक्कं झालं. मागे लांबलचक शेपूट काढलेली कॅरिअरं ऐटबाज दिसतात. मला ती आता बघवत नाहीत.

दुसरी गोष्ट त्रिकोणाची. वरच्या चौकटीचे पुढचे दोन पाय सीटमागच्या पकडीच्या बोल्टांवर, आणि चौकटीच्या मागच्या भागातून दोन तिरके टेकू खाली शॉकअपच्या वरच्या टोकाजवळ, थेट फ्रेमवर. एकूण चार जागा, चारही फ्रेमच्या. शॉकअपच्या खालच्या टोकाला किंवा चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या कुठल्याही भागाला टेकू लावायचा नाही. एक टोक हलणार आणि दुसरं स्थिर राहणार, मग काहीतरी तुटणारच.

सामान साधंच. बाहेरून 19 मिलिमीटर, जाडी 2 मिलिमीटर असा एमएस पाइप, जो मीटरला साधारण 840 ग्रॅम भरतो, आणि बोल्टांच्या जागी 40 बाय 5 ची पट्टी. दुकानात जस्ताचा मुलामा दिलेला पाइप चकचकीत दिसला म्हणून मी तोच उचलला होता. बाबांनी परत ठेवायला लावला. जस्तावर वेल्डिंग केलं की विषारी धूर निघतो, तो छातीत गेला की थंडीताप भरतो. फाउंड्रीतल्या माणसाला हे सांगायला पुस्तक लागत नाही.

गोल पाइपला गोल पाइप जोडायचा तर एकाचं टोक माशाच्या तोंडासारखं कोरावं लागतं, म्हणजे दुसरा पाइप त्यात अंग टेकवून बसतो आणि जोडात फट राहत नाही. इथे मला माझी विद्या दाखवायची संधी मिळाली. त्या खाचेचा आकार उलगडून कागदावर काढता येतो. मी छोटा प्रोग्रॅम लिहिला, वक्ररेषा छापली, कागद पाइपभोवती गुंडाळून खूण केली, करवतीनं आणि कानशीनं आठ टोकं कोरली. दीड रविवार गेला. एकही खाच बसेना. सगळीकडे फट. मग बघितलं तर गुंडाळलेल्या कागदाची टोकंच एकमेकांना भिडत नव्हती, दोन मिलिमीटर कमी पडत होती. प्रिंटरनं पानावर मावावं म्हणून चित्र आपलं आपणच चार टक्के लहान केलं होतं. ऑफिसात मी रोज इतरांना सांगतो की आउटपुट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाबा हसले नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः करून आणला, त्यावरून काय ते समजलो.

वेल्डिंग मात्र मी केलं नाही. शिकाऊ हातानं साध्या आर्कवर पातळ पाइप जोडायला गेलं की भोक पडतं, आणि ज्या जोडावर मागून येणाऱ्या कुणाचा तरी जीव आहे तो जोड माझ्या सरावासाठी नव्हे. उद्यमबागेत बाबांच्या ओळखीचे एक वेल्डर मामा आहेत, सीओटू वेल्डिंगवर हात बसलेला. त्यांना मी म्हटलं, गाडीच घेऊन येतो, वर धरून टॅक मारा. ते म्हणाले, "गाडीवर आर्क मारू काय? त्यातला कॉम्प्युटर जळाला तर तूच रडत येशील." इंजेक्शनच्या गाड्यांत ही भीती खरी आहे, वेल्डिंगचा प्रवाह भलत्या वाटेनं जाऊ शकतो. म्हणून गाडीवरच्या चार भोकांच्या जागा एका जाड पत्र्यावर आणि अँगलवर उतरवून साचा केला, आणि कॅरिअर त्यावर जुळवलं.

तरीही चूक झालीच. घाई माझी होती. टॅक मारून झाल्यावर मी म्हटलं, साचा सोडून पूर्ण वेल्ड करून टाका, फिरवायला सोपं पडेल. मामांनी एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघितलं. बाबा गप्प. वेल्ड थंड होताना आकसतं हे मला कळावं म्हणूनच ते गप्प राहिले असणार. घरी आणून बसवायला गेलो तर खालचे दोन पाय चार मिलिमीटर आत आलेले. बोल्ट घालून पाना फिरवला तर खेचून बसत होतं, आणि मी तसंच बसवायच्या बेतात होतो.

"बसवू नको," बाबा म्हणाले. "गाडी हलायच्या आधीच त्याला ताण देऊन ठेवलास. ते पहिल्या दिवसापासून रडणार."

दोन टेकू कापले. पुन्हा साच्यात बोल्टांनी आवळून, एकदा डाव्या बाजूचा जोड, एकदा उजव्या बाजूचा, असं आलटून पालटून वेल्ड केलं आणि साच्यातच पूर्ण थंड होऊ दिलं. पाइपच्या खालच्या बाजूला बारीक भोकं ठेवली. बंद पाइपात तापलेली हवा शेवटचा जोड फोडून बाहेर येते, आणि पुढे पावसाचं पाणी आत शिरलं तर त्यालाही वाट हवी.

पावडर कोटिंगला देण्याआधी बाबा ते जुन्या फाउंड्रीत घेऊन गेले आणि डीपी टेस्ट करून आणली. लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. एका जोडावर अर्ध्या नखाएवढी लाल रेघ आली. मामांनी तो जोड घासून पुन्हा भरला. ती रेघ मी मोबाईलमध्ये जपून ठेवली आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हतं.

मग अंगणात परीक्षा. गाडी मेन स्टँडवर, पुढचं चाक बाबांनी दाबून धरलेलं, कॅरिअरवर सिमेंटची पन्नास किलोची गोणी आणि वर पंचवीस किलो तांदूळ. मागची कड तीन मिलिमीटर खाली आली. ओझं काढल्यावर पुन्हा जागेवर. तासाभरानं तेच परत केलं. यावरून मी ठरवलेली मर्यादा पंचवीस किलो, तीही मागे माणूस बसलेलं नसताना आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या एकूण वजनाच्या आत. बोल्ट 8.8 ग्रेडचे, नट नायलॉकचे. मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट सामानाखाली झाकत नाहीत हे खोकं ठेवून तपासलं. कॅरिअर स्वतः भरलं सव्वाचार किलो, तुटलेल्याच्या अडीचपट. पैसेही विकतच्यापेक्षा जास्तच गेले, पाच रविवार वेगळे.

आत्याचं जुनं मशीन जोडून काम देईल असं राहिलं नव्हतं. खडेबाजाराकडच्या एका दुरुस्तीवाल्याकडे त्याच मापाचा वापरलेला वरचा भाग मिळाला. तिच्या जुन्या मशीनचं चाक आणि बॉबिनची पेटी चांगली होती, ती यावर चढवली.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी निघालो. या वेळी बाबा त्यांच्या स्कूटरवर मागे. नको म्हटलं तरी आले. जांबोटीला चहाला थांबलो तेव्हा चहा सांगण्याआधी त्यांनी खिशातून तेरा नंबरचा पाना काढला आणि चारही बोल्ट बघितले. उजवीकडचा खालचा पाव आटा फिरला.

"रंग दबतो. पहिल्यांदा एवढं होतंच," म्हणाले. "परत येताना पुन्हा बघायचं."

घाटात त्या खड्ड्याजवळ मी गाडी हळू केली. खड्डा तसाच होता. आरशात खोकं, आणि त्याच्या मागे बरंच अंतर ठेवून येणारी बाबांची स्कूटर.

साखळीला आत्यानं मशीन टेबलावर बसवून घेतलं, तेल घातलं, चिंधीवर एक सरळ शिवण मारली आणि टाका उलटून पालटून बघितला. "दोरा थोडा ओढतंय," ती म्हणाली, आणि स्क्रू फिरवायला बसली.