घरातली वीज – लेखांक 11 : काचेतली माळ

मागच्या आठवड्यात आपण दिवाळीच्या जुन्या माळेचं गणित मांडलं होतं. सहा-सहा व्होल्टचे, तांदळाएवढे चाळीसेक बल्ब एकापुढे एक जोडले की घरातले 230 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात आणि त्यातला एक गेला की सगळी माळ अंधारते. आज तीच माळ काचेच्या फुग्यात शिरलेली पाहू.

गुलमंडीवरून पैठण गेटकडे चालत निघालात तर विजेच्या सामानाच्या दुकानांत हल्ली स्वच्छ काचेचे, आत पिवळ्या काड्या उभ्या असलेले बल्ब टांगलेले दिसतात. कुणी त्यांना एडिसन बल्ब म्हणतं, कुणी फिलामेंट एलईडी. पेटलेला पाहिला तर हुबेहूब आजोबांच्या काळातला बल्ब, पण विझलेला जवळून पाहा. आत तार नाहीच. हळदीत बुडवून काढलेल्या उदबत्तीसारख्या काड्या आहेत, प्रत्येक साधारण बोटाच्या दोन पेरांएवढी.

या काडीवरची हळद खरवडली तर खाली काचेची किंवा सिरॅमिकची बारीक पट्टी निघते आणि तिच्यावर मोहरीहूनही लहान अशा 25 ते 30 निळ्या एलईडी चिप एका रांगेत, एकापुढे एक जोडलेल्या असतात. म्हणजे ही माळच. प्रत्येक चिपवर तीन व्होल्टच्या आतबाहेर दाब पडतो, म्हणून एका काडीला 70 ते 80 व्होल्ट लागतात. वरचा पिवळा लेप म्हणजे फॉस्फर. चिपमधून निघालेल्या निळ्या प्रकाशातला बराचसा भाग तो गिळतो आणि पिवळा करून सोडतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिसळून आपल्याला उबदार पांढरा दिसतो. लाल एलईडी 1962 पासून होता, पण झगझगीत निळा जमायला 1990चं दशक उजाडावं लागलं. तो जमवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. त्या निळ्याशिवाय हा पिवळा बल्ब अशक्य होता, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आता विजेच्या वागण्याकडे येऊ, कारण जुन्या तारेचा आणि या काडीचा स्वभाव अगदी उलटा आहे. टंगस्टनची तार तापली की तिचा विरोध दहापटीहून जास्त वाढतो, म्हणजे ती स्वतःच स्वतःला आवरते. एलईडी तसा नाही. हर्सूल तलाव आठवा. पाणी सांडव्याच्या काठाखाली असेल तोवर पलीकडे थेंब जात नाही. काठ ओलांडला की मात्र वीतभर वाढीनं लोंढा सुटतो. एलईडीत ठरावीक व्होल्टपर्यंत जवळजवळ काहीच वाहत नाही, आणि त्यापुढे दाब किंचित वाढला तरी प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. वर चिप तापली की तो काठच थोडा खाली येतो. म्हणून प्रवाहाला लगाम घालणारं कुणीतरी हवं. ते काम ड्रायव्हरचं.

साध्या एलईडी बल्बला पांढरं पोट असतं. त्यात ड्रायव्हर ऐसपैस बसतो, आणि उष्णता ओढून न्यायला ॲल्युमिनियमची चकती असते. शोभेच्या बल्बला पोट नाही, सगळं पारदर्शक. त्यामुळे सारी विद्या होल्डरमध्ये जाणाऱ्या टोपीत, अंगठ्याएवढ्या जागेत कोंबावी लागते. इथे माळेचं गणित पुन्हा कामी येतं. आपले 230 व्होल्ट हा एक प्रकारच्या सरासरीचा आकडा. प्रत्यक्षात विजेची लाट 325 व्होल्टपर्यंत चढते. चार काड्या एकापुढे एक जोडल्या की त्यांची गरज 300 च्या आसपास जाते. दोन्ही आकडे इतके जवळ आले की मधला थोडासा फरक सांभाळायला छोटीशी चिप पुरते, जाडजूड गुंडाळी लागत नाही.

पण लाट सेकंदाला शंभर वेळा शून्याला टेकते. तेवढ्या क्षणांत काडी उजळत राहावी म्हणून वीज साठवणारा कपॅसिटर हवा, आणि टोपीत नेमकी त्यालाच जागा अपुरी. स्वस्त बल्बात तो अगदी लहान असतो किंवा नसतोच. मग बल्ब सेकंदाला शंभरदा लवतो. डोळ्याला सहसा जाणवत नाही, पण अशा उजेडात वाचताना काहींचं डोकं दुखतं. विकत घेण्याआधी पेटलेला बल्ब मोबाइलच्या कॅमेऱ्यातून, जमल्यास स्लो मोशनमध्ये पाहा. काळे पट्टे सरकताना दिसले तर तो अभ्यासाच्या टेबलावर नको.

उष्णतेसाठी मात्र सुंदर तोड काढली आहे. फुग्यात हेलियम भरतात. हा वायू हवेच्या सुमारे सहापट सहजतेनं उष्णता वाहून नेतो; काडीची ऊब काचेपर्यंत पोचते आणि काचेवरून बाहेर जाते. काचेला केसाएवढी चीर गेली तरी हेलियम निसटतो आणि बल्ब फार दिवस टिकत नाही. टोपीतल्या ड्रायव्हरला या वायूचा फारसा उपयोग नाही. आपल्याकडचा मे महिना, त्यात बंद झुंबर आणि टोपी वरच्या बाजूला, म्हणजे सगळी ऊब चढून तिथेच जमणार. शोभेचा बल्ब उघड्यावर, हवेशीरच टांगावा.

शेवटी आमच्या घरची गोष्ट. औरंगपुऱ्यातल्या जुन्या घरात जिन्यावर मी असा एक बल्ब लावला. रात्री आईनं हाक मारली, “अरे, बटण बंद केलं तरी दिवा विझेना.” खरंच, काड्या राखेतल्या निखाऱ्यासारख्या मंद तेवत होत्या. बल्ब सदोष म्हणून बदलला, तर दुसराही तेवला. (काही ड्रायव्हरांचे बल्ब तेवत नाहीत, दर काही सेकंदांनी लुकलुकतात.)

वायरमनकाकांनी बल्ब काढला, बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. “बटण न्यूट्रलवर घेतलंय कुणीतरी,” ते म्हणाले. फेज थेट होल्डरमध्ये येत होती आणि बटण परतीची वाट तोडत होतं. ती तुटलेली वायर भिंतीतून दहा-पंधरा मीटर इतर वायरींना चिकटून जाते. दोन वायरींमधल्या या जवळिकीतून उलटसुलट होणारी वीज थोडी झिरपतेच. हिशेब केला तर मिलिअँपिअरचा दहावा भागही भरत नाही. जुन्या 60 वॉटच्या बल्बला पाव अँपिअर लागायचा, त्याला या झिरपण्याचा पत्ताही नव्हता. एलईडीला मात्र एवढंही मंद तेवायला पुरतं.

बटण फेजवर असूनही बल्ब तेवत असेल, तर बटणातला छोटा इंडिकेटर किंवा जिन्याच्या टू-वे बटणांची लांब वायर कारण असू शकते. तिथे वायरमनकडून बल्बला समांतर, मेन्ससाठीचाच 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून घेतला की झिरपणारी वीज त्या वाटेनं निघून जाते. आमच्याकडे तो लावून भागलं नसतं. काकांनी वायरी अदलाबदल केल्या आणि दिवा विझला.

त्या जिन्यावर वडील स्टुलावर चढून कित्येक वर्षं बल्ब बदलत आले होते, बटण बंद आहे या भरवशावर. त्या दुपारी काकांना थांबवून घेतलं आणि घरातलं एकेक बटण तपासलं. आणखी दोन तशीच निघाली.